पुस्तकातला मराठवाडा पडद्यावर आलाच नाही

गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. १९४९ साली प्रभातचा ‘संत जनाबाई’ हा बोलपट आला, त्यात जनाबाई झाल्या होत्या अभिनेत्री हंसा वाडकर. याच हंसाबाईंनी आपलं आयुष्य अरुण साधू यांना सांगितलं आणि १९७० मध्ये ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मचरित्र आलं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्यावर आधारलेला श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ हा सिनेमा आला १९७७ मध्ये. आपल्यावरचा सिनेमा काही त्यांना पाहता आला नाही.

‘भूमिका’त हंसाची उषा झाली. सिनेमाची सुरुवातच चित्रीकरण चालू असलेल्या नाचाने होते आणि तिथून उषाचं घर, नवरा, भांडणं उलगडत जातात. बालपणाची दृश्यं कृष्णधवल, वर्तमान रंगीत; कॅमेरामन गोविंद निहलानींनी काळाप्रमाणे चित्राचा पोतच बदलला. उषा झालेल्या स्मिता पाटील यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पटकथेलाही मिळाला. दोन्ही रास्तच होते.

तरीही पुस्तक वाचून सिनेमा पाहिला की एक गोष्ट सलते. नवऱ्याचं घर सोडल्यावर हंसाबाई एका गृहस्थाबरोबर मराठवाड्यातल्या आडगावी गेल्या. त्याच्या घरी आधीच दोन बायका होत्या. तिसरी म्हणून त्यांनी तिथे तीन वर्षं काढली. सिनेमात हा भाग विनायक काळे या जमीनदाराच्या वाड्यात घडतो. अमरीश पुरींचा तो थंड, सभ्य आवाज आणि उषाला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायची बंदी, हे अंगावर येतं. पण आपला मुलूख मात्र त्यातून निघून गेला. शिवाय, त्या घरातून सुटकेच्या कागदांवर सही करायला गेल्यावर मॅजिस्ट्रेटनेच आपल्यावर बलात्कार केला, असं हंसाबाईंनी पुस्तकात सांगितलं आहे. सिनेमात पोलीस येतात, उषा सुटते, एवढंच.

असल्या वगळण्यावर फ्रान्समध्ये मोठा वाद झाला होता. कादंबरीतला प्रसंग ‘पडद्यावर जमणार नाही’ म्हणून काढायचा आणि जागी आपला सोयीचा घालायचा, या पटकथाकारांच्या सवयीवर चित्रपट-समीक्षक फ्रांस्वा त्रुफोने १९५४ साली सडकून लिहिलं. पुढे आंरी-पिएर रोशे यांची ‘ज्यूल ए जिम’ ही कादंबरी त्याला जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडली. रोशेंनी ती सत्तरी उलटल्यावर, स्वतःच्याच तरुणपणावर लिहिलेली. त्रुफोने १९६२ मध्ये हसतखेळत सुरू होऊन काळजाला हात घालणारा सिनेमा केला, आणि रोशेंची वाक्यं निवेदकाच्या तोंडी तशीच ठेवली. रोशेही तोवर हयात नव्हते.

बेनेगलांनी नावं बदलली यात वावगं काही नाही. जिवंत माणसांची अब्रू सांभाळायची तर ते करावंच लागतं. माझी खरी तक्रार मॅजिस्ट्रेटचा तो प्रसंग गाळल्याची आहे. घरातले पुरुष तेवढे दोषी आणि सरकारी दार मात्र सुटकेचं, असा समज त्या गाळण्याने होतो. हंसाबाईंनी तसं मुळीच सांगितलेलं नाही.

परभणी-गंगाखेडच्या वाचकांनी ‘भूमिका’ जरूर पाहावा. पण तेवढ्यावर थांबू नये. वाचनालयात ‘सांगत्ये ऐका’ मागावं, नसेल तर मागवायला लावावं, आणि मराठवाड्यातली ती तीन वर्षं हंसाबाईंच्या शब्दांतच वाचावीत.