मुलांवरील लैंगिक अपराध : पुराव्याची जपणूक व शिक्षकाचे कर्तव्य

मधल्या सुटीत एखादी विद्यार्थिनी बाईंजवळ येते आणि आपल्यावर गुदरलेला प्रसंग तुटक शब्दांत सांगते. त्या क्षणापासून शिक्षक त्या प्रकरणातील साक्षीदार होतो, हे बहुधा आपल्या ध्यानी येत नाही. पोलीस व सरकारी वकील यांची कार्यपद्धती ठाऊक असल्यास आपल्या हातून नकळत होणारी हानी टळेल.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा अठरा वर्षांखालील मुलगे व मुली या दोघांनाही लागू आहे. अपराध घडल्याचे समजताच पोलिसांना कळविणे प्रत्येकास बंधनकारक असून, न कळविणे हा शिक्षेस पात्र गुन्हा आहे. गावाची अब्रू वा पंचांची तडजोड ही सबब चालत नाही. सद्‌भावनेने खबर देणाऱ्यास मात्र कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे.

पहिला पुरावा म्हणजे मुलाचे शब्द. जबाब मुलाच्या घरी अथवा त्याच्या पसंतीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता नोंदवावा, असा नियम आहे. त्या वेळी आईवडील अथवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जवळ असते. पुढे दंडाधिकारीही जबाब नोंदवितात. मुलाने प्रथम कोणास काय सांगितले, याची न्यायालयात बारकाईने चौकशी होते. म्हणून शिक्षकाने उलटतपासणी करू नये. ‘त्याने असेच केले ना?’ असे उत्तर सुचविणारे प्रश्न तर मुळीच विचारू नयेत. शांतपणे ऐकावे आणि मुलाचेच शब्द दिनांक व वेळेसह लिहून ठेवावेत.

दुसरा पुरावा शरीरावर व कपड्यांवर असतो, आणि तो पाण्याने व काळाने नष्ट होतो. म्हणून वैद्यकीय तपासणीपूर्वी शक्यतो स्नान घालू नये, कपडे धुऊ नयेत. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कुजतात. यास्तव ते सावलीत वाळवून कागदात ठेवावे लागतात. पोलीस पंचनामा करून पाकिटास मोहर लावतात व न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवितात. पाकीट कोणाकडून कोणाकडे, केव्हा गेले याची नोंद तुटली, तर बचावाचा वकील नेमके तेथेच बोट ठेवतो. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करावयाची असते.

अंगावर जखम नाही म्हणून तक्रार खोटी, असे मात्र समजू नये. १९७२ साली देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जखमांच्या अभावास महत्त्व देऊन आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्या निर्णयावर देशभर टीका झाली व १९८३ साली कायद्यात सुधारणा करावी लागली.

तिसरा पुरावा आपल्याच कपाटात असतो. मूल अठरा वर्षांखालील आहे, हे सरकारी वकिलास सिद्ध करावे लागते. आणि त्यासाठी शाळेचा जन्मतारखेचा दाखला हा प्रमुख आधार मानला जातो. तो वा जन्मनोंदीचा दाखला नसेल तर हाडांच्या तपासणीवरून वय ठरवितात, पण त्या अंदाजात दोन वर्षांचा फरक पडू शकतो. जनरल रजिस्टरात खाडाखोड असेल, किंवा जन्मतारीख कोणत्या आधारे लिहिली हे मुख्याध्यापकास सांगता आले नाही, तर खरा खटलाही डळमळतो. दाखल करताना अंदाजाने ‘१ जून’ लिहिणाऱ्या लेखणीने हे स्मरणात ठेवावे.

न्यायालयात मुलाची साक्ष बंद दालनात होते व आरोपी त्याच्या दृष्टीस पडणार नाही अशी व्यवस्था असते. वकील आपले प्रश्न न्यायाधीशांकडे देतात व न्यायाधीश ते मुलास विचारतात. साक्ष विश्वसनीय वाटल्यास एकट्या मुलाच्या शब्दावरही शिक्षा होऊ शकते.

सारांश, तपास पोलिसांचा, युक्तिवाद वकिलाचा आणि निवाडा न्यायालयाचा. शिक्षकाचे काम एवढेच की ऐकावे, तत्काळ कळवावे, मुलाचे नाव गुप्त राखावे आणि आपले दप्तर निर्मळ ठेवावे. मुलाने आपल्यावर टाकलेला विश्वास एवढ्यानेही सार्थ होईल.