झटका कोणत्या गिअरचा?

ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उतरवून पुन्हा बसवणारे हात वाशीम जिल्ह्यात गावोगाव सापडतात. मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजासारख्या गावात आता मोटारीही ऑटोमॅटिक येऊ लागल्या आहेत आणि त्यातल्या एखादीचा गिअरबॉक्स नव्याने बांधून मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमधून परत येतो, तेव्हा एक अडचण हमखास पुढे उभी राहते. क्लचप्लेटा नव्या, सील नवे, तेल नवं, भरपूर पैसे मोजून झालेले. आणि तरी गाडी पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना मागून कोणी ढकलावं तसा धक्का बसतो. अशा वेळी मालक आणि मिस्त्री दोघांच्याही तोंडी एकच वाक्य येतं: जोडताना काहीतरी चुकलं, परत खोला. माझं म्हणणं असं की ‘परत खोला’ हा सगळ्यात शेवटचा उपाय आहे. धक्का कधी, कोणत्या गिअरला आणि किती गरम तेलावर बसतो हे नीट नोंदवलं आणि तेलाचा दाब मोजला, तर बहुतेक दोष गिअरबॉक्स खाली न उतरवताच हाती लागतात. उलट प्रत्येक वेळी खोलल्याने धूळ, चिरडलेला सील, जागा चुकलेली बारीक गोळी असे नवे दोष आत शिरायला वाट मिळते.

मुळात गाडी कोणत्या जातीची ऑटोमॅटिक आहे हे आधी ठरवायला हवं, कारण आपल्याकडे क्लचचं पेडल नसलेली प्रत्येक गाडी ‘ऑटोमॅटिक’ म्हणूनच ओळखली जाते. २०१४मध्ये मारुतीने सेलेरिओतून आणलेली एएमटी ही साध्या गिअरबॉक्सलाच यंत्राचा हात लावलेली रचना आहे; त्यात गिअर बदलताना थोडी उचकी लागणं हा तिचा स्वभाव आहे. सीव्हीटीत ठरावीक गिअरच नसतात, म्हणून तिथल्या धक्क्याचा शोध निराळा. पुढचं सगळं विवेचन टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सचं आहे.

या पेटीत गिअर ‘पडत’ नाही. तेलाच्या दाबाने एक क्लच सुटतो आणि दुसरा पकडतो. पकड किती जोरात यावी हे ठरतं लाइन प्रेशरवर, म्हणजे पंपाने तयार केलेल्या आणि सोलेनॉइडने आवरलेल्या मुख्य दाबावर. इंजिनवर भार जास्त तर दाब जास्त, पाय हलका तर दाब कमी. आता एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. बहुतेक इलेक्ट्रॉनिक पेट्यांत दाब आवरणाऱ्या सोलेनॉइडचा विद्युतप्रवाह तुटला की दाब कमी होत नाही, तो सर्वांत वरच्या पातळीला जातो. कमी दाबावर क्लच घसरून जळतील, त्यापेक्षा धक्का बसलेला परवडला, असा त्यामागचा विचार आहे. म्हणून सगळेच गिअर सारखे आदळत असतील, तर क्लचप्लेटांवर संशय घेण्याआधी पेटी बसवताना अर्धवट राहिलेला कनेक्टर, न आवळलेली अर्थिंगची तार आणि इंजिनचा भार चुकीचा सांगणारा सेन्सर तपासावा. जुन्या पद्धतीच्या पेटीत हेच काम थ्रॉटलची केबल करते. ती जास्त ताणलेली असेल तर हलक्या पायालाही पेटी जड भाराचा दाब देते. धक्का एकाच बदलाला असेल तर मात्र दिशा पालटते. त्या क्लचची पकड मऊ करणारा अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे स्प्रिंगवर बसलेला छोटा पिस्टन, अडकलेला असू शकतो, किंवा व्हॉल्व्ह बॉडीतली एखादी चेक बॉल, म्हणजे बारीक गोळी, भलत्याच खोबणीत गेलेली असू शकते. बऱ्याच गाड्यांत तेलाची ट्रे आणि व्हॉल्व्ह बॉडी पेटी गाडीतच असताना निघते, त्यामुळे इथवर पोचायलाही सगळं उतरवावं लागत नाही. आणि न्यूट्रलवरून ड्राइव्हमध्ये टाकतानाच फक्त दणका येत असेल, तर आधी इंजिनचा आयडल आणि माउंटिंगचं रबर पाहावं.

नव्याने बांधलेल्या पेटीचा आणखी एक खास दोष आहे, आणि तो दोष म्हणावा की नाही हाच प्रश्न आहे. पेटीचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर प्रत्येक क्लच भरायला किती तेल आणि किती वेळ लागतो हे शिकत जातो. जुन्या प्लेटा झिजलेल्या, फट वाढलेली, म्हणून त्याने भरण्याचं माप वाढवत नेलेलं असतं. नव्या प्लेटांची फट कमी. जुन्याच मापाने तेल आलं की क्लच वेळेआधी आणि जोरात चावतो. इथे यांत्रिक जोडणी निर्दोष असते आणि धक्का तरीही खरा असतो. त्यावर उपाय म्हणजे स्कॅनरने जुनी शिकवण पुसणं आणि गाडी पुन्हा शिकेल अशा रीतीने चालवणं. यावरून कोणी म्हणेल, मग चालवत राहू, आपोआप सुधारेल. हे अर्धं खरं आहे. कंट्रोलर किती दुरुस्ती करू शकतो याची मर्यादा ठरलेली असते, आणि दाब खरोखरच जास्त असेल तर तो कितीही किलोमीटर शिकून कमी होणार नाही. शिवाय कुठे चालवतो यालाही महत्त्व आहे. वाशीम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर गाडी एकदा वरच्या गिअरला गेली की तिथेच राहते. पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा हे बदल होतच नाहीत. त्यांच्यासाठी गावाचा, थांबत-निघत जाणारा रस्ताच कामाचा, तोही तेल गरम झाल्यावर आणि पाय हलका ठेवून.

तेलाबाबत विदर्भातला उन्हाळा वेगळी काळजी मागतो. अनेक नव्या पेट्यांना डिपस्टिक नसते. इंजिन चालू ठेवून, तेल साधारण ४० अंशांच्या आसपास असताना खालचा बोल्ट काढायचा आणि जास्तीचं तेल गळू द्यायचं, अशी पातळी पाहण्याची रीत आहे. मे महिन्यात इथली हवाच ४० अंशांच्या वर जाते. दुपारी उन्हातल्या गाडीचं तेल आधीच फुगलेलं असतं. बोल्टातून ते गळतं, मिस्त्री ‘फुल’ समजून बोल्ट आवळतो आणि खरी पातळी कमी राहते. कमी तेलात पंप हवा ओढतो, क्लच उशिरा भरतो आणि मग एकदम आदळतो. म्हणून हे काम पहाटे करावं, तेलाचं तापमान स्कॅनरवर पाहून. तेलाची जातही तितकीच महत्त्वाची. प्लेटांच्या घर्षणासाठी मिसळलेली रसायनं वेगवेगळी असल्याने ‘ऑटोमॅटिकचं तेल’ एवढ्यावर भागत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप अनुभवी मिस्त्रीचा असतो: कान आणि हात पुरेसे आहेत, मीटर कशाला? त्या कानाबद्दल मला आदर आहे. कोणत्या बदलाला धक्का बसतो, आधी इंजिन मोकळं फिरतं का, हे तो कान अचूक सांगतो. पण ५ बार आणि ९ बार यांतला फरक कानाला कळत नाही. दुसरा आक्षेप साधनांचा, आणि तो खेड्यात खोटा नाही. तरी पेटीच्या कवचावर दाब मोजण्याचं भोक बहुधा दिलेलं असतं. २० बारपर्यंतचा गेज आणि योग्य आट्यांचा जोड एवढंच तिथे लागतं. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचा गेज इथे चालत नाही, कारण तो कितीतरी मोठ्या दाबासाठी असतो आणि त्यावर काटा जेमतेम हलतो. जोडणी करतानाची तपासणी तर पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरवरही होते: रेग्युलेटरने हवा ३०-४० पीएसआयवर आणून क्लचच्या वाटेत सोडली की पिस्टन बसल्याचा ठाम ‘ठक’ ऐकू येतो. नुसती फुसफुस आली तर सील गेला.

खोलायची वेळ खरोखर येते तीही यातूनच ठरते. दाब बरोबर, वायरिंग बरोबर, तेल बरोबर, शिकवण पुसून पुन्हा दिलेली, व्हॉल्व्ह बॉडी तपासलेली, आणि तरी एकाच क्लचचा धक्का कायम असेल, किंवा ट्रेच्या चुंबकावर नेहमीच्या बारीक करड्या लेपाऐवजी धातूचे कण दिसत असतील, तर पेटी उतरवण्यावाचून मार्ग नाही. तेव्हा गाडीबरोबर एक कागद जावा: कोणता बदल, थंड की गरम, आयडलचा दाब किती, भाराखालचा किती, तेल कोणतं, स्कॅनरवरचे कोड कोणते. खोलणाऱ्याने त्या क्लचची फट फीलर गेजने मोजून तो आकडा त्याच कागदावर लिहावा, आणि मगच नव्या प्लेटा मागवाव्यात.