जुना लॅपटॉप, नवा थ्रीडी फंडा!

विंडोजने साथ सोडली, म्हणून छंदही सोडायचा? छे! ग्राफिक्स ड्रायव्हरचं गणित जमलं की दहा वर्षांपूर्वीचं मशीनही झकास थ्रीडी प्रिंट काढून देतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आठवतेय? त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला आणि आपल्यापैकी कित्येकांचे चांगले चालते लॅपटॉप एका रात्रीत ‘म्हातारे’ झाले. विंडोज ११ ला इंटेलची साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचीच चिप लागते. मग ऑप्शन उरतात दोन. एक तर नव्या मशीनचा ईएमआय, नाहीतर लुबुंटू, अँटिएक्स, पपी असं एखादं हलकंफुलकं लिनक्स. मेल, ब्राउझर, गाणी... सगळं मस्त पळतं. घोडं अडतं ते थ्रीडी प्रिंटिंगचं सॉफ्टवेअर उघडल्यावर!

चकत्यांचा खेळ

आधी बेसिक फंडा क्लिअर करू. थ्रीडी प्रिंटरला मॉडेल थेट कळत नाही. अळूवडीचा उंडा जसा आपण चकत्या करून कापतो, तसं मॉडेलचे पातळ थर पाडावे लागतात. हे काम करणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्लायसर. क्युरा, प्रुसास्लायसर, ऑर्का ही त्यातली गाजलेली नावं. गंमत अशी, की थर पाडायचं काम लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर करतो. ग्राफिक्स चिप लागते ती मॉडेल स्क्रीनवर फिरवून दाखवायला. त्यासाठी हे स्लायसर ‘ओपनजीएल’ नावाची भाषा वापरतात आणि चिपपर्यंत ती पोचवणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. दुभाषाच गैरहजर असेल तर? मग कुठे करडी स्क्रीन, कुठे एरर, तर कुठे माउस हलवल्यावर चार सेकंदांनी हलणारं मॉडेल!

नॉबने आणली वेळ

माझ्यावर ही वेळ आली ती आईच्या शिलाई मशीनमुळे. आई घरीच पिको-फॉल आणि ब्लाउजची कामं करते. ऐन लग्नसराईत टाक्याची लांबी बदलायचा प्लास्टिकचा नॉब तुटला. मशीन जुनं, रविवार पेठ पालथी घातली तरी पार्ट मिळेना. इकडे ऑर्डरी रखडलेल्या. थ्रीडी प्रिंटर माझ्या रूममेटचा होता आणि नॉबचं मॉडेल मी व्हर्नियरने मापं घेऊन बनवलं होतं. लॅपटॉप मात्र सेकंडहॅण्ड, इंटेलच्या एचडी ४००० ग्राफिक्सवाला, चार जीबी रॅमचा. दुकानदाराने त्यात लुबुंटू आधीच टाकून दिलं होतं. स्लायसर उघडला... आणि अक्षरशः गोगलगाय!

टर्मिनलमध्ये ‘जीएलएक्सइन्फो’ ही कमांड मारली. (तुमच्याकडे ती नसेल तर ‘मेसा-युटिल्स’ हे पॅकेज टाका.) लांबलचक उत्तरात ‘ओपनजीएल रेंडरर’ची ओळ शोधली आणि चोर सापडला. तिथे इंटेलच्या ऐवजी ‘एलएलव्हीएमपाइप’ असं लिहिलं होतं. म्हणजे ग्राफिक्स चिप निवांत झोपलेली आणि तिचं सगळं काम बिचारा प्रोसेसर ओढतोय. आणि हो, इथे नुसत्या व्हर्जनच्या आकड्याला भुलू नका. एलएलव्हीएमपाइपही ओपनजीएल ४.५ असा रुबाबदार आकडा दाखवतो. बघायची ती रेंडररचीच ओळ.

कारण साधं होतं. इन्स्टॉल करताना ‘सेफ ग्राफिक्स’ निवडलं की बूटच्या ओळीत ‘नोमोडसेट’ हा शब्द जाऊन बसतो. स्क्रीन काळी पडू नये म्हणून केलेली ती तात्पुरती सोय असते. ती तशीच राहिली की खरा ड्रायव्हर लोडच होत नाही. मी आधी ट्रायल घेतली. मशीन सुरू होताना ग्रबच्या मेनूवर ‘ई’ दाबून तो शब्द त्या एका वेळेपुरता खोडला. स्क्रीन ठणठणीत! मग ग्रबच्या सेटिंग फाइलमधून तो कायमचा काढला, ‘अपडेट-ग्रब’ चालवलं आणि रीस्टार्ट. रेंडररच्या ओळीत इंटेलचं नाव झळकलं. खर्च शून्य रुपये. संध्याकाळी नॉब मशीनवर बसला आणि आईने रात्री बारापर्यंत मशीन चालवून पहिल्या दोन ऑर्डरी हातावेगळ्या केल्या.

तुमचा चोर कोणता?

प्रत्येकाची केस वेगळी, पण नेहमीचे संशयित हेच:

इंटेल: ड्रायव्हर ‘मेसा’ या मोफत संचातच येतो, वेगळं काही उतरवायला लागत नाही. फक्त २०२२ च्या मेसा २२.० मध्ये काही फार जुने ड्रायव्हर मुख्य संचातून काढून ‘अंबर’ नावाच्या शाखेत हलवले गेले. मशीन पुरातन असेल तर हे ध्यानात ठेवा.

एएमडी: ड्रायव्हर असतो, पण चिपचं फर्मवेअर नसतं. डेबियनने २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली. त्याआधीची सिस्टिम असेल तर ते वेगळं टाका.

एनव्हीडिया: जुन्या कार्डांच्या ३९० मालिकेच्या ड्रायव्हरचा सपोर्ट २०२२ अखेर संपला. नव्या कर्नलवर तो बसवायला डोकेफोड नको, ‘नूवो’ हा मोफत ड्रायव्हर वापरून बघा. आणि स्लायसर फ्लॅटपॅकमधून घेतला असेल, तर त्याच्या आतला एनव्हीडियाचा भाग बाहेरच्या ड्रायव्हरच्याच व्हर्जनचा हवा.

इतकं करूनही जमलं नाही? टेन्शन नको. प्रुसास्लायसर कमांड देऊनही थर पाडतो, क्युराचं इंजिनही वेगळं चालवता येतं. चित्र नाही, तर ड्रायव्हरचं लफडंही नाही. सुंठीवाचून खोकला गेला!

पुणे तिथे काय उणे

हे सगळं एकट्याने करायची गरज नाही, हा आपल्या शहराचा मोठा प्लस पॉइंट. पुणे लिनक्स यूजर्स ग्रुपमध्ये, म्हणजे आपल्या ‘प्लग’मध्ये, आणि सिम्बायोसिसच्या एसआयसीएसआरमध्ये भरणाऱ्या ‘ग्नूनिफाय’मध्ये कित्येकांनी लिनक्सची मुळाक्षरं गिरवली. शिरूर तालुक्यातल्या पाबळमध्ये, डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्येच फॅब लॅब उभी राहिली. हाताशी आहे त्यातून हवं ते स्वतः बनवायचं, हा तिथला धडा. आपल्या कपाटातल्या लॅपटॉपलाही तो लागू पडतो.

तेव्हा येत्या वीकएण्डला तो भंगारात काढण्याआधी एक कमांड मारून बघा. रेंडररच्या ओळीत तुमच्या चिपचं नाव आलं, तर समजा आजोबा अजून पर्वती चढू शकतात!