भेरीतील मासा
कोलकात्याच्या पूर्वेस ‘भेरी’ नावाची विस्तीर्ण मत्स्यतळी आहेत. शहराचे सांडपाणी त्यांत सोडतात. ऊन व शेवाळ यांच्या योगे ते निवळते आणि त्यावर रोहू, कटला पोसले जातात. गोरगरिबांस त्यामुळे स्वस्त मासळी मिळते. परंतु उन्हाने जंतू मरतात, धातू नष्ट होत नाहीत. चामड्याच्या कारखान्यांतले क्रोमियम, तसेच शिसे व कॅडमियम गाळात साचतात आणि माशाच्या कल्ल्यांत, यकृतात उतरतात. शिजवूनही ते जात नाहीत. शिसे मुलांच्या बुद्धीस, कॅडमियम मूत्रपिंडास अपाय करते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कारखाने शहराबाहेर हलविण्याचा आदेश दिला. तथापि केवळ जागा बदलून विष टळत नाही. मासा वर्ज्य करण्याचे कारण नाही. कल्ले व आतडी मात्र टाकावीत. आणि कारखान्याचे पाणी भेरीच्या वाटेला जाऊच नये, हा खरा उपाय होय.