मेल अडकला, दोष कुणाचा?

जुलै २०२०मध्ये थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्रामची ७८वी आवृत्ती आली आणि ती घेतलेल्या काही जणांचे मेल अचानक बंद पडले. पासवर्ड तोच, इंटरनेट चालू, सर्व्हरही जागेवर. बदलला होता तो सेटिंग्जच्या पार आत दडलेला एक आकडा, १च्या जागी ३. थंडरबर्डच्या हिशेबात १ म्हणजे टीएलएस १.० आणि ३ म्हणजे टीएलएस १.२. ज्या सर्व्हरला १.२ येत नव्हते, त्याच्याशी नव्या आवृत्तीने बोलणेच सोडून दिले होते.

टीएलएस म्हणजे ट्रान्स्पोर्ट लेयर सिक्युरिटी. मेल एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाताना वाटेत कुणाला वाचता येऊ नये, म्हणून त्यावर चढवलेले एन्क्रिप्शन. नेटस्केप कंपनीने १९९५मध्ये आणलेल्या एसएसएलचा हा पुढचा अवतार. टीएलएस १.० जानेवारी १९९९चे, १.१ २००६चे, १.२ २००८चे आणि १.३ २०१८चे. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने मार्च २०२१मध्ये पहिली दोन अधिकृतपणे मोडीत काढली. मेलसाठी तर त्याच महिन्यात आरएफसी ८९९७ हा वेगळा दस्तऐवज काढला.

१९९९च्या पद्धतीला निरोप द्यायला हरकत कशाची? हरकत नाहीच. मार्च २०१६मध्ये संशोधकांनी ‘ड्राउन’ नावाचा हल्ला जाहीर केला, तेव्हा जुने काही चालू ठेवण्याची किंमत सगळ्यांना कळली. संस्थेची वेबसाइट अगदी नवे टीएलएस वापरत असली, पण त्याच गुप्त किल्लीवर चालणाऱ्या मेल सर्व्हरने १९९५चे एसएसएल २ चालू ठेवले असले, तर त्या मेल सर्व्हरच्या आधाराने वेबसाइटवरचे संभाषण उलगडता येत होते. एसएसएल २ स्वतः चालू ठेवणारे वेब सर्व्हर १७ टक्के होते. किल्ली दुसऱ्या सर्व्हरवरही वापरल्याने धोक्यात आलेले धरले, तर आकडा ३३ टक्क्यांवर गेला. ‘जुन्या ग्राहकांसाठी राहू दे’ म्हणून ठेवलेल्या सोयीने असे नव्या ग्राहकांनाही गोत्यात आणले.

टीएलएस १.०ची अवस्था इतकी वाईट नाही. पण त्याची सुरुवातीची देवाणघेवाण एमडी५ आणि शा-१ या गणिती पद्धतींवर उभी आहे. त्यातल्या शा-१ला अॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गुगल यांनी फेब्रुवारी २०१७मध्ये प्रत्यक्ष भगदाड पाडून दाखवले. त्यामुळे टीएलएस १.० बंद करायचे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो कसे, याचा.

त्यासाठी आधी जोडणी कशी होते ते पाहू. मेल प्रोग्राम सर्व्हरला ‘एहलो’ म्हणतो. सर्व्हर आपल्याला काय काय येते त्याची यादी पाठवतो. यादीत ‘स्टार्टटीएलएस’ हा शब्द असला की प्रोग्राम तोच शब्द परत पाठवतो, सर्व्हर ‘२२०’, म्हणजे ‘तयार’, असे उत्तर देतो आणि एन्क्रिप्शनची बोलणी सुरू होतात. पहिल्याच निरोपात प्रोग्राम सांगतो, मला अमुक आवृत्तीपर्यंतचे टीएलएस येते. ते १.० असले आणि सर्व्हरने १.० बंद केलेले असले, तर सर्व्हर ७० क्रमांकाचा इशारा पाठवून जोडणी तोडू शकतो. या ७०चा अर्थ स्वच्छ आहे: ही आवृत्ती चालणार नाही.

एवढा नेमका निरोप यंत्रापर्यंत येतो आणि माणसापर्यंत पोचत नाही. पडद्यावर उमटते ते ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’ असे काहीतरी. मग माणूस पासवर्ड बदलतो, राउटर बंद करून चालू करतो, मेलचे खाते काढून पुन्हा जोडतो. त्याचे काहीही चुकलेले नसते. इथे दोष प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा आहे आणि पूर्वसूचना न देता आवृत्ती बंद करणाऱ्यांचाही.

दोन सर्व्हरांमधली वाट आणखी नाजूक. मेल पोचवण्याचा एसएमटीपी हा नियम १९८२चा, एन्क्रिप्शन त्याला १९९९मध्ये मागाहून जोडले गेले, तेही ऐच्छिक. समोरच्याला येत असेल तर वापरायचे, नाहीतर मेल उघडाच पाठवायचा. या ऐच्छिकपणाचा गैरफायदा घेता येतो. २०१५च्या एका संशोधनात ट्युनिशियातून जीमेलकडे निघालेल्या ९६ टक्क्यांहून अधिक मेलवरचे एन्क्रिप्शन वाटेतच उतरवले जात असल्याचे आढळले होते. आता अशा वाटेवर एखाद्या सर्व्हरने नुसतेच टीएलएस १.० बंद केले, तर पलीकडचा जुना सर्व्हर हार मानून मेल पूर्ण उघडा पाठवू शकतो. कमकुवत संरक्षण काढायला गेलो आणि काहीच उरले नाही, असे होते. म्हणून या वाटेवर आधी ‘उघडा मेल नको’ हे सांगणारी एमटीए-एसटीएससारखी २०१८ची व्यवस्था लावावी आणि मग जुन्या आवृत्त्यांना हात घालावा, हा क्रम शहाणपणाचा.

वापरणाऱ्यांकडे मात्र यंत्रे जुनी असतात, कारण ती चालतात. विंडोज एक्सपी टीएलएस १.०च्या पुढे गेलेच नाही. विंडोज ७ला १.२ येते, पण मूळ स्वरूपात ते बंद असते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टला केबी ३१४०२४५ हा वेगळा अपडेट द्यावा लागला. अँड्रॉइडमध्ये १.२ आपोआप चालू झाले ते २०१४च्या ५.० आवृत्तीपासून. ऑफिसातली कागद स्कॅन करून थेट मेल करणारी यंत्रेही याच रांगेत आहेत आणि त्यांतल्या अनेकांना नवा अपडेट मिळणारच नाही.

त्यांच्यासाठी वाट काढता येते. मायक्रोसॉफ्टने २०२१मध्ये अशा यंत्रांकरिता मेल पाठवायला वेगळा जुना पत्ता ठेवला आणि तो ज्याने मागून घेतला त्यालाच दिला. बाकी सगळ्यांची मुख्य वाट स्वच्छ राहिली. त्याआधी मार्च २०२०मध्ये मोझिलाने आपल्या फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये नुकतेच बंद केलेले टीएलएस १.० आणि १.१ पुन्हा चालू केले होते, कारण कोविडची माहिती देणारी काही सरकारी संकेतस्थळे अजून त्यांच्यावरच होती. तारीख पुढे ढकलण्याचा तो निर्णय योग्यच होता.

घरी किंवा दुकानात जुना संगणक असेल, तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. आउटलुक विंडोजच्याच टीएलएसवर अवलंबून असते, थंडरबर्ड आणि फायरफॉक्स स्वतःचे टीएलएस सोबत आणतात. म्हणून एक्सपीवरसुद्धा थंडरबर्डची ५२वी आवृत्ती १.२ बोलू शकते. अर्थात एक्सपीचा सुरक्षा आधार एप्रिल २०१४मध्येच संपला आहे, तेव्हा ही तात्पुरती सोय.

आणि जे मेल सर्व्हर चालवतात, त्यांना विनंती. पोस्टफिक्ससारखा सर्व्हर सांगितल्यास प्रत्येक जोडणीची टीएलएस आवृत्ती लॉगमध्ये लिहून ठेवतो. बंद करण्याआधी महिनाभराचा लॉग वाचा, कोणकोणती खाती अजून १.०वर आहेत ते पाहा आणि त्या माणसांना फोन करून तारीख सांगा.