लांडगा, करडू आणि आपल्या घरातली मुलं

मुलांना सुट्टी लागली की घरोघरी एकच धोशा सुरू होतो, ‘आई, सिनेमा लाव ना!’ आणि आपणही कणकेचे हात तसेच घेऊन कुठलं तरी कार्टून लावून देतो नि पुन्हा पोळपाटाकडे वळतो. जनावरांचा सिनेमा आहे ना, मग त्यात काय पाहायचंय, अशी आपली समजूत. मारामारी नाही, भलतंसलतं नाही. ससा असतो, कोल्हा असतो, शेवटी सगळे मिळून गाणं म्हणतात. तेवढ्या वेळात आपल्या पोळ्या होतात.

पण मैत्रिणींनो, माझं ऐकाल तर यातले काही सिनेमे एकदा हातातलं काम बाजूला ठेवून, मुलांच्या शेजारी बसून बघा. विशेषतः ज्यांच्यात एरवी वैर असायचं अशा दोन जनावरांची मैत्री दाखवलेली असते ते. मुलं त्यातल्या पिल्लांत स्वतःला पाहतात. आपण जरा लक्ष दिलं तर आपणही त्यात सापडतो, फक्त पिल्लांच्या जागी नाही, तर त्या मैत्रीला हरकत घेणाऱ्या थोरामोठ्यांच्या जागी.

तसा हा विषय आपल्याला नवा नाही. पंचतंत्रातला हिरण्यक उंदीर आठवतो ना? लघुपतनक कावळा त्याच्या बिळाशी येऊन मैत्री मागतो, तेव्हा उंदीर आतूनच बजावतो की तू खाणारा नि मी तुझं खाद्य, आपलं कसं जमायचं? कावळ्याला बराच वेळ दाराशी गयावया करावी लागते. आणि त्याच पंचतंत्राच्या पहिल्या भागात सिंह आणि बैल यांची जिवाभावाची मैत्री दोन कोल्हे कान भरून कशी मोडतात तेही आहे. म्हणजे मैत्री जुळते कशी आणि बाहेरचे लोक ती तोडतात कशी, दोन्ही गोष्टी आपल्या आज्यांनी चुलीपाशी सांगून झालेल्या आहेत. सिनेमावाल्यांनी त्यात रंग भरले इतकंच.

2016 साली आलेला ‘झूटोपिया’ तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या मुलांनी पाहिला असेल. त्यातली ज्युडी ही गाजरं पिकवणाऱ्या सशांची लेक. पोलीस व्हायला ती मोठ्या शहरात निघते. स्टेशनवर आईवडील निरोप द्यायला येतात आणि कोल्ह्यापासून बचाव करण्याचा एक फवारा तिच्या हाती देतात. मला तर हसूच आलं. ही अगदी आपलीच पद्धत! लेक शिकायला परगावी निघाली की आपण लाडवांचा डबा देतो, देवाचा अंगारा देतो आणि गाडी हलता हलता ‘अमक्यांच्या मुलांपासून जरा जपून गं’ हेही देतो. प्रेमानंच देतो, त्यात खोट नाही. पुढे ज्युडीची निक नावाच्या कोल्ह्याशी चांगली गट्टी जमते, दोघं मिळून एका प्रकरणाचा छडा लावतात. पण तो फवारा तिच्या कमरेलाच असतो. वार्ताहरांसमोर ती बोलून जाते की पिसाळलेली सगळी जनावरं मांसाहारीच आहेत, ते त्यांच्या रक्तातच असेल. निक तिला जाब विचारतो, मुद्दाम जरा अंगावर आल्यासारखं करतो, आणि तिचा हात आपसूक फवाऱ्याकडे जातो. निकला ते दिसतं. तो निघून जातो.

त्या एका क्षणासाठी मी हा सिनेमा दोनदा पाहिला. (बाकीची पळापळ जरा फारच आहे, पण मुलांना तीच आवडते.) गंमत अशी की मधल्या काळात गावाकडे आईवडीलच बदललेले असतात. ज्युडीला लहानपणी ओरबाडणारा कोल्हा आता उत्तम मिठाई भाजतो आणि हे सशाचं कुटुंब त्याच्याबरोबर धंदा करतं.

आता जरा शाळेतली गोष्ट सांगते. मी अर्धवेळ शिकवते. पाचवीच्या वर्गात एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलींची फार मैत्री. एकीच्या डब्यात भाकरी आणि अधूनमधून सुकटीची चटणी, दुसरीच्या घरी कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. एक दिवस दुसरीची आई मधल्या सुट्टीत आली आणि हळूच म्हणाली, ‘बाई, तिची जागा तेवढी बदलता का?’ बाई भांडखोर नव्हत्या हो. घरात सोवळ्याच्या सासूबाई, त्यांच्यापुढे उत्तरं हिलाच द्यायची. तिची अडचण मला कळत होती. मी म्हटलं, जागा सत्र संपल्यावर बदलतात, तोवर बघू. दरम्यान काय झालं, तर सुकटवालीने चटणीसाठी निराळी डबी आणायला सुरुवात केली आणि मोठ्या डब्यात मैत्रिणीपुरती गूळ-तूप लावलेली भाकरी. चटणीच्या दिवशी ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकून, पाठ करून खायची, खाऊन हात धुऊन यायची आणि मग गप्पा. ही तोड त्या दहा वर्षांच्या पोरींनी काढली. आम्हा दोन मोठ्या बायकांपैकी कोणालाही सुचली नव्हती.

त्या दिवसांत मला सारखा ‘द फॉक्स अँड द हाउंड’ आठवत होता. डिस्नेचा हा चित्रपट 1981 सालचा. आई मारली गेलेलं कोल्ह्याचं पिल्लू टॉड, त्याला ट्वीड नावाची एक एकटी राहणारी विधवा म्हातारी घरी आणून वाढवते. शेजारी एमॉस स्लेड हा शिकारी. तो कॉपर नावाचं कुत्र्याचं पिल्लू आणतो, शिकारीसाठी तयार करायला. ही दोन पिल्लं रानात भेटतात, लपाछपी खेळतात, कायम मित्र राहायचं ठरवतात. मग शिकारी कॉपरला हिवाळाभर रानात घेऊन जातो. वसंतात तो परततो तो शिकलासवरलेला, मोठा झालेला. टॉड रात्री आनंदानं भेटायला जातो, तर कॉपर सांगतो की ते दिवस गेले, आता मी शिकारी कुत्रा आहे.

आमची धाकटी इथे रडायला लागली. थोरला मात्र गप्प बसून होता. मुलग्यांना हे जास्त लागत असावं असा माझा अंदाज आहे, फक्त ते दाखवत नाहीत. शाळा बदलली, तुकडी बदलली, घरच्यांनी ‘त्याच्याशी खेळू नकोस’ म्हटलं, आणि कालचा मित्र आज ओळख दाखवत नाही, हे आपल्या मुलांच्या बाबतीत रोज घडतं. घरी येऊन ती सांगत नाहीत इतकंच.

पण या सिनेमात आपण आया जिथे हलतो ती जागा निराळी आहे. एका पाठलागात शिकाऱ्याचा जुना कुत्रा चीफ आगगाडीच्या धडकेनं पुलावरून पडून जखमी होतो आणि दोष टॉडवर येतो. आता टॉडचा जीव घरी सुरक्षित नाही. मग ट्वीडबाई त्याला गाडीत घालून राखीव जंगलात नेते, गळ्यातला पट्टा काढते आणि त्याला तिथे सोडून एकटी परत येते. टॉडला काही कळत नाही. ती समजावूनही सांगू शकत नाही. आमच्या ह्यांनी नेमका त्याच वेळी चहा मागितला, पण मी उठले नाही!

शेवटी अस्वलाच्या तावडीतून टॉड कॉपरला वाचवतो आणि शिकाऱ्याची बंदूक टॉडवर रोखली जाते तेव्हा कॉपर मध्ये येऊन उभा राहतो. शिकारी बंदूक खाली घेतो. पण दोघं पुन्हा एकत्र राहायला जात नाहीत. कोल्हा टेकडीवर, कुत्रा अंगणात. मुलं हमखास विचारतात, ‘मग ते पुन्हा खेळत का नाहीत?’ इथे घाईघाईनं ‘खेळत असतील हं’ असं म्हणू नका. मी धाकटीला म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, ‘त्यांना खेळायचंय, पण त्या माणसाला आवडणार नाही.’ तिला बरोबर कळलं होतं.

ज्या कादंबरीवरून हा चित्रपट घेतला ती डॅनियल मॅनिक्स यांची, 1967 सालची. ती मुलांच्या हाती द्यायची नाही. तिच्यात दोस्ती अशी नाहीच. कुत्रा कोल्ह्याच्या मागे लागतो तो कोल्हा दमून मरेपर्यंत, आणि शेवटी मालकच कुत्र्याला गोळी घालतो. सिनेमावाल्यांनी ते सगळं बदललं ते बरंच केलं. फक्त चीफ इतक्या उंचावरून पडूनही नुसता पाय मोडून निभावतो हे आमच्या थोरल्याला पटलं नाही. ‘आई, हे खोटं आहे,’ म्हणाला. मुलांना वाटतो त्याहून जास्त व्यवहार कळतो.

याच्या अगदी जोडीनं बघण्यासारखा एक जपानी चित्रपट आहे, 2005 सालचा. त्याच्या नावाचा अर्थ ‘वादळी रात्री’. युइची किमुरा यांच्या मुलांच्या गोष्टींवरून तो केला आहे. तुफान पावसात, काळोखात, एका पडक्या झोपडीत मेई नावाचं करडू आसऱ्याला येतं. थोड्या वेळानं आणखी कोणी तरी येतं, तो असतो गाबू नावाचा लांडगा. अंधारात एकमेकांना दिसत नाही, दोघांना सर्दी झाल्यामुळे वासही येत नाही. मग रात्रभर गप्पा! दोघांनाही विजेची भीती, दोघांचंही लहानपण सारखंच. इतकं जमतं की उद्या दुपारी भेटायचं ठरतं, आणि एकमेकांना ओळखायची खूण म्हणून ‘वादळी रात्री’ हे शब्द. दुसऱ्या दिवशी उजेडात भेटतात तेव्हा काय होतं ते तुम्हीच बघा, मुलं खो खो हसतात.

मला या सिनेमाचं आवडतं ते हे, की लांडगा लांडगाच राहतो. मैत्री झाली म्हणून त्याची भूक जात नाही. सहलीला निघाल्यावर त्याचा डबा दरीत पडतो आणि मग पुढे चालणाऱ्या मित्राकडे बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, स्वतःलाच रागावून तो मान फिरवतो. किती खरं आहे हे! आपल्या मुलांना आपण सांगतो, सगळे सारखे, सगळ्यांशी मिळून मिसळून राहा. पण सगळे सारखे नसतात, आणि मुलांना ते दिसतं. गाबूला मैत्रीची किंमत रोज मोजावी लागते आणि तो मोजतो. ती बाकावर पाठ करून चटणी खाणारी मुलगी मला इथे पुन्हा दिसली.

पुढे कळपाला कळतं, टोळीला कळतं. दोन्हीकडचे वडीलधारे दोघांना एकच काम सांगतात, मित्राकडून तिकडची बातमी काढून आण. शेळ्यांचा कळप दुष्ट नाही. मेईची आईच लांडग्यांनी मारलेली असते. त्यांची भीती आपल्याला मान्य करावी लागते, आणि तरीही आपण मनातून त्या दोघांच्या बाजूचे असतो. यात बर्फाचं वादळ आहे, काही प्रसंग भीतीचे आहेत, तेव्हा आठ वर्षांच्या आतल्या मुलांना एकटं बसवू नका. शेवट गोड आहे, एवढं आधी सांगून ठेवलंत तरी चालेल.

अगदी लहानांसाठी कोणी विचारलं तर मी 1973 सालचा ‘शार्लट्स वेब’ सांगते. डुकराचं पिल्लू आणि कोळीण यांची दोस्ती. ई. बी. व्हाइट यांच्या 1952 सालच्या पुस्तकावरून हॅना-बार्बेरांनी काढलेला, टॉम आणि जेरी ज्यांनी जन्माला घातले तेच हे दोघे. ‘अगं बाई, डुक्कर!’ म्हणून नाक मुरडू नका. पिल्लाची कत्तल होऊ नये म्हणून कोळीण जाळ्यात शब्द विणते आणि माणसं ते बघायला लोटतात. शेवटी कोळीण मरते, अंडी मागे ठेवून. तो भाग पुढे ढकलून दाखवायचा मोह होईल, पण ढकलू नका. आजी-आजोबा घरात असतील तर उलट त्यांनाही बोलवा. आमच्या सासूबाई या प्रसंगानंतर माझ्या धाकटीशी स्वतःच्या आईबद्दल पहिल्यांदाच बोलल्या.

आपल्याकडचं काही नाही का, असं विचाराल. निखिल अडवाणींचा ‘दिल्ली सफारी’ आहे, 2012 सालचा. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून बिबट्याचं पिल्लू, माकड, अस्वल, पोपट अशी मंडळी जंगल वाचवण्याचं गाऱ्हाणं घेऊन दिल्लीला निघतात. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. बोरिवलीकरांना तर जवळचा वाटेल. पण यात भांडण माणसांशी, जनावरांचं आपसात जमायला फारसं अवघड जात नाही. आणि आरडाओरडा मला जास्त वाटला.

सगळ्यात अलीकडचा मी पाहिला तो ‘फ्लो’. लाटव्हिया नावाच्या छोट्या देशातल्या गिंट्स झिल्बालोडिस या तरुणाने केलेला, 2024 सालचा, आणि 2025 मध्ये ऑस्कर घेऊन गेलेला. यात एक शब्दही संवाद नाही. म्याव, भुंकणं, पाण्याचा आवाज, संगीत, बस. त्यामुळे इंग्रजी कळत नाही ही तक्रार कोणालाच नाही, आजीपासून बालवाडीपर्यंत सगळे एका रांगेत. जगभर पूर येतो आणि एका होडीत काळं मांजर, कुत्रा, शेपटीवर पट्टे असलेला लेमूर, कॅपिबारा नावाचा उंदराच्या कुळातला गलेलठ्ठ सुस्त प्राणी आणि लांब पायांचा एक पक्षी असे गोळा होतात. हा पक्षी मांजराची बाजू घेतो म्हणून त्याच्याच थव्याचा म्होरक्या त्याचा पंख मोडतो आणि थवा त्याला टाकून उडून जातो. उडता येत नाही म्हणून तो होडीत येतो आणि होडीचं सुकाणू हाती घेतो.

आमच्या घरी त्या प्रसंगानंतर कोणी बोललं नाही. मग धाकटीने विचारलं, ‘त्याच्या आईने पण टाकलं का त्याला?’ त्या थव्यात आई कोणती ते सिनेमात सांगितलेलं नाही. सगळे पक्षी सारखेच दिसतात. तिने तो भाग पुन्हा लावायला सांगितला आणि आम्ही दोघी उडून जाणाऱ्या पक्ष्यांत मागे वळून बघणारा एखादा आहे का ते शोधत बसलो.