नकाशात कोण, नकाशाबाहेर कोण

पहाटे साडेपाच

मुंबईतल्या मढच्या बंदरावर बोटी लागायला सुरुवात झालेली असते. टोपल्या उतरतात, बर्फ फुटतो, बायका भाव करतात. राज्याच्या राजकारणावर लिहायचं तर माझ्या मते दिवस इथूनच सुरू करावा. २२ एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळानं मासेमारीला कृषीचा दर्जा दिला. वीजदरात सवलत, शेतीच्या दरानं कर्ज, विमा, किसान क्रेडिट कार्ड, असं बरंच काही त्या निर्णयात आहे. निर्णय चांगला आहे, मी तसं लिहिलंही. पण जाळी आवरता आवरता एक नाखवा विचारतो, "दर्जा मिळाला ना, मग माझ्या बर्फाच्या बिलात तो दिसंल कधी?" या प्रश्नाचं उत्तर मंत्र्यांच्या भाषणात मिळत नाही. ते मत्स्यव्यवसाय खात्याच्या परिपत्रकात, वीज कंपनीच्या दरपत्रकात आणि बँकेच्या शाखेत शोधावं लागतं. माझा अर्धा दिवस अशा शोधात जातो.

जून आणि जुलैमध्ये, एकसष्ट दिवसांच्या मासेमारीबंदीत, हेच बंदर शांत असतं आणि तेव्हा माणसं जास्त बोलतात. आत्ता बोलायला कुणाला वेळ नाही. मी ऐकून वहीत टिपतो आणि निघतो.

सकाळी सात

चहा आणि कागद. आधी वर्तमानपत्रांतल्या जाहीर सूचना वाचतो, पहिलं पान नंतर. विकास आराखड्यातला फेरबदल, किनारा व्यवस्थापन आराखड्याची सुनावणी, झाडं तोडण्याचा प्रस्ताव हे सगळं आत बारीक टाइपात छापलेलं असतं आणि हरकती-सूचनांची मुदत सुरूही झालेली असते. मुदत संपल्यावर केलेला निषेध कितीही खरा असला तरी फाइलमध्ये जात नाही. त्यामुळे रोज सकाळी एवढं एक काम मी चुकवत नाही.

मग राज्य सरकारचे शासन निर्णय. ते मराठीत असतात, तरी ते वाचायला सवय लागते. प्रस्तावना वाचायची, मग थेट शेवटी जायचं: खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, आणि अंमलबजावणीची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर. ज्या निर्णयाला लेखाशीर्ष नाही, तो निर्णय अजून घोषणाच आहे असं मी धरून चालतो.

साडेनऊ

मालाड स्टेशनला जाणारी २७१ नंबरची बस. एरंगळ, आक्से, मालवणी करत ती जाते. दुसरा रस्ता पाण्यातून: जेट्टीवरून फेरीबोट पकडली की काही मिनिटांत वेसावा, म्हणजे वर्सोवा. रस्त्यानं वेसाव्याला जायचं तर मालाड-अंधेरीचा वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो. मढ आणि वेसावा जोडणारा पूल महापालिकेनं हाती घेतला आहे तो याच कारणानं.

बसमध्ये पुलावर वाद झडतो. माझी भूमिका मी लपवत नाही. रात्री बाळंतपणाची कळ आलेल्या बाईला पूल हवा, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला हवा. पण दोन्ही टोकांना कोळीवाडे आहेत. खांब कुठं पडणार, बोटी शाकारायच्या कुठं, खाडीच्या तोंडाशी गाळ साचला तर काढणार कोण, याची उत्तरं बांधकामाआधी कागदावर यायला हवीत. वर्सोवा ते भाईंदरच्या सागरी रस्त्यासाठी ४५ हजारांहून अधिक खारफुटीच्या झाडांना हात लावायची परवानगी उच्च न्यायालयानं डिसेंबर २०२५ मध्ये दिली. खारफुटीच्या संरक्षणाचा मोठा निकाल याच न्यायालयानं २०१८ साली दिला होता. हे दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले की कळतं, 'सार्वजनिक हित' ही गोष्ट कोण मांडतो यावर बरंच अवलंबून असतं. ते हित मांडायला मच्छीमारांचा वकील उभा होता का, हा प्रश्न मी प्रत्येक प्रकल्पाला लावतो.

अकरा

मालाडचं वॉर्ड ऑफिस. इथं गेली काही वर्षं एक मोठी पोकळी होती, आणि तिच्याबद्दल जितकं लिहायला हवं होतं तितकं लिहिलं गेलं नाही. मुंबई महापालिकेच्या आधीच्या नगरसेवकांची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. दुसऱ्या दिवसापासून प्रशासक आले. आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, तारखांवर तारखा. अखेर ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका घ्या असा आदेश दिला आणि मुंबईत मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. त्याआधीचं मतदान फेब्रुवारी २०१७ मधलं. २२७ जागांचं सभागृह जवळजवळ चार वर्षं रिकामं. याच काळात २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प आला. स्थायी समितीत त्यावर प्रश्न विचारायला एकही निवडून आलेला माणूस नव्हता.

चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं शहरांना प्रभाग समित्या दिल्या, त्या लोकांनी आपल्या दारातल्या कामाचा हिशेब मागावा म्हणून. चार वर्षं मढमधल्या बाईनं तुंबलेल्या गटाराची तक्रार करायची कुणाकडे? अधिकारी बदलून जातो, त्याला पुन्हा मत मागायला यायचं नसतं. नगरसेवकाला यायचं असतं. नगरसेवक चांगला असो वा वाईट, एवढा एक धाक लोकांच्या हातात असतो. तो काढून घेतला गेला आणि शहर चालू राहिलं, म्हणून काही बिघडलं नाही असं मानणारे सुशिक्षित लोक मला रोज भेटतात. मला ते मान्य नाही.

आज मला माहिती अधिकाराचा अर्ज द्यायचा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, हे महाराष्ट्राचे नियम. उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जात 'का' विचारू नये, ते उत्तर टाळायला सोपं जातं. 'अमुक बांधकामाच्या परवानगीच्या फाइलमधील सर्व टिपण्यांची व नकाशांची प्रत मिळावी', असं लिहावं. २००५ च्या या कायद्याला नोव्हेंबर २०२५ मध्ये एक मोठा धक्का बसला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं त्यातलं वैयक्तिक माहितीचं कलम बदललं. पूर्वी व्यापक जनहित दाखवलं की त्याच कलमाखाली माहिती मिळू शकत असे. आता 'ही वैयक्तिक माहिती आहे' एवढं म्हटलं तरी नकार देता येतो आणि जनहिताचा मुद्दा कलम ८(२) खाली वेगळा लढावा लागतो. म्हणून मी आता अर्जातच ८(२) चा उल्लेख करून ठेवतो. तुम्हीही करा.

दीड

स्टेशनजवळ जेवण, आणि परतीची बस.

अडीच

एरंगळला उतरतो. आजच्या लेखाचा जीव इथं आहे.

किनाऱ्यावर कोळी समाजाची स्मशानभूमी आहे. किनारा नियमन क्षेत्राचा, म्हणजे सीआरझेडचा भंग होतो अशी तक्रार झाली आणि २०२१ साली प्रशासनानं ती पाडली. मच्छीमारांना म्हणणं मांडायची संधीही मिळाली नाही. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. सीआरझेडची पहिली अधिसूचना १९९१ ची, आणि स्मशानभूमी त्याच्या आधीपासूनची, हे तिथं पुढं आलं. २०२२ साली न्यायालयानं जिल्हाधिकाऱ्यांना ती पुन्हा बांधून द्यायला सांगितलं. आपल्या माणसाला अग्नी द्यायची जागा परत मिळवायला एका गावाला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

आता त्याच पट्ट्यातली दुसरी गोष्ट. २०२१ च्या सुमारास मढ-एरंगळ भागात तात्पुरत्या परवानगीच्या नावाखाली चित्रीकरणाचे प्रचंड स्टुडिओ उभे राहिले. लोखंडी सांगाडे, पत्रे, काँक्रीटचे पाये. मुदत उलटली तरी ते उभेच. राजकीय आरोप-प्रत्यारोप झाले, राष्ट्रीय हरित लवादापर्यंत वाद गेला आणि एप्रिल २०२३ मध्ये महापालिकेनं ते पाडले. नियम एकच. स्मशानभूमीला नोटिशीचीही सवड मिळाली नाही, स्टुडिओला वर्षं मिळाली.

आणि तिसरी गोष्ट नकाशांची. मुंबईत १७ एप्रिल १९६४ पूर्वीचं निवासी आणि १ एप्रिल १९६२ पूर्वीचं अनिवासी बांधकाम महापालिका सहन करते. म्हणजे बंगला आज बांधलेला असला, पण सिटी सर्व्हेच्या जुन्या नकाशावर त्या जागी एक चौकोन दाखवता आला, तर तो 'जुनाच' ठरतो. मढ-एरंगळच्या नकाशांत असे चौकोन मागाहून घातले गेल्याचं उघड झालं, विशेष तपास पथक नेमलं गेलं, आणि २०२५ मध्ये बनावट नकाशांच्या आधारे उभ्या बांधकामांवर हातोडा पडू लागला.

हे नकाशे एकदा जवळून बघा. भूमी अभिलेखची प्रत, कोपऱ्यात शिक्का, सर्व्हे नंबरची रेघ, आणि त्या रेघेच्या आत पेनानं काढलेली नखाएवढी आकृती. तिच्यामागे समुद्रासमोरची कोट्यवधींची जागा. एका सहीवर तिची किंमत ठरते. राजकारण म्हणजे विधानसभेतली खडाजंगी असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ही प्रत दाखवतो.

किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगलेले आहेत. उलटे, जोडीजोडीनं, एकमेकांच्या जबड्यात अडकवलेले. वलांडीखाली एक मावशी बसली आहे. मी तिला विचारतो, कोळीवाड्याच्या सीमांकनाचा नकाशा पाहिलास का? ती म्हणते, "घर दाखवलंय म्हनतात. ही वलांडी कुठं दाखवलीय?"

प्रश्न नेमका आहे. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेनं बृहन्मुंबईतल्या कोळीवाड्यांचे नकाशे करून त्यांना वेगळा दर्जा द्यायला सांगितलं. पण सीमा आखताना घरं मोजली जातात. वाळवणाची जागा, जाळी विणायचं अंगण, बोटी ओढून ठेवायची वाळू यांना भिंती नसतात, म्हणून त्या रेघेबाहेर राहतात. एका बाजूला आयएनएस हमला, टोकाला हवाई दलाच्या ताब्यातला पोर्तुगीजांचा किल्ला, मधे बंगले. कोळीवाड्याला पसरायला उरते ती ही वाळू. बनावट नकाशात नसलेलं घर दिसतं आणि खऱ्या नकाशात असलेली वलांडी दिसत नाही.

पाच

लिहायला बसतो. आधी तारखा, मग सह्या, मग माणसं. कारवाई झाली असं लिहून मी पुढं जात नाही. आदेश कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याचा, कोणत्या कलमाखाली, हे वाक्यात यायलाच हवं.

पुरोगामी लिखाण म्हणजे सत्ताधाऱ्यांना शिव्या, असा ग्रह दोन्ही बाजूंनी करून घेतला आहे. मला ज्यांचा आधार वाटतो ते लोक वेगळे होते. मुकुंदराव पाटलांनी १९१० पासून 'दीनमित्र' हे वृत्तपत्र चालवलं ते तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून. सावकार, भटजी आणि सरकार या तिघांचा हिशेब त्यांनी शेतकऱ्याच्या बाजूनं मांडला. नारायण मेघाजी लोखंड्यांनी 'दीनबंधू' हे वृत्तपत्र हातात घेतलं आणि गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. आणि आमच्या शेजारच्या गोरेगावात मृणाल गोरे ग्रामपंचायतीपासून सुरुवात करून १९६१ साली महापालिकेत गेल्या. लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणू लागले. नळाला पाणी का येत नाही, या प्रश्नाचं त्यांनी राज्याचं राजकारण केलं. या तिघांनी कुठून तरी मोठा विचार आणून गावावर लादला नाही. समोरच्या माणसाच्या अडचणीपासून ते कायद्यापर्यंत पोचले.

म्हणून लेखात दोन्ही बाजूंच्या पक्षांची नावं येतात. स्टुडिओंच्या वेळी सत्ता एकाची होती, नकाशांचा खेळ त्याहून जुना आहे, आणि कोळीवाड्यांचं सीमांकन प्रत्येक सरकारनं पुढं ढकललं. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, त्याला पत्रकार संघटनांनी विरोध केला, मीही केला. टीका आणि बेकायदा कृत्य यांच्यातली रेघ सरकारच्या मर्जीनं आखली जाऊ नये, एवढंच त्यातलं माझं म्हणणं.

आठ

मसुदा घेऊन गावात जातो. देवळाजवळच्या कट्ट्यावर चार-सहा जण असतात. त्यांना लेख मोठ्यानं वाचून दाखवतो. एखादा सर्व्हे नंबर चुकीचा निघतो, तर एखाद्याला आपलं म्हणणं अर्धवट आलंय असं वाटतं. दुरुस्ती तिथल्या तिथं होते. एक काका विचारतात, नवीन नगरसेवकाला काय सांगायचं? आम्ही ठरवतो: प्रभाग समितीच्या बैठकीत एकच मागणी ठेवायची. कोळीवाड्याच्या नकाशात वलांडी, बोटींची जागा आणि स्मशानभूमी दाखवा. पत्र मी लिहितो, सह्या ते गोळा करतात, आणि बायकांच्या सह्या आधी, कारण वाळवणाची जागा त्यांची आहे.

दहा वाजता लेख पाठवतो.

वाचणाऱ्यांना एक विनंती. तुम्ही मढचे असा, गोराईचे असा, मुलुंड-घाटकोपरमधल्या जुन्या गावठाणाचे असा, आपल्या वस्तीचा सिटी सर्व्हेचा नकाशा आणि विकास आराखड्याचं पान एकदा मागवा. आपण जी जागा रोज वापरतो ती त्यात आहे का बघा. नसेल तर लेखी हरकत द्या, पोच घ्या, आणि तिची एक प्रत नगरसेवकाच्या हातात ठेवा.